अलंकार आपलेच, भाषा इंग्रजी

इंग्रजीचा धाक आपल्या अनेक घरांत अजून टिकून आहे. मराठी माध्यमातून शिकलेली माझी भाची चाकणच्या एका कारखान्यात प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाली. शब्दकोश जवळ असूनही तेथील वाक्ये तिला उमगत नसत : ‘वायर लाइव्ह आहे’, ‘हे मशीन म्हणजे बॉटलनेक’. सुट्या शब्दांचे अर्थ ठाऊक होते, पण वाक्याचा अर्थ लागत नसे. ‘लाइव्ह’चा अर्थ न कळणे तर तिथे जिवावरच बेतायचे.

मी तिला म्हणालो, ‘‘अगं, ही अलंकारांची भाषा आहे. ती तू शाळेतच शिकली आहेस.’’

दोन भिन्न वस्तूंमधले साधर्म्य ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ या शब्दांनी दाखवले, की ती सिमिली, म्हणजे आपली उपमा. ‘सारखा’, ‘सम’, ‘परी’ यांचेच हे भाईबंद. मात्र प्रत्येक ‘लाइक’ म्हणजे उपमा नव्हे. ‘ती आईसारखी दिसते’ हे नुसते साम्य. ‘ती वाघिणीसारखी लढली’ ही उपमा. साधर्म्यवाचक शब्द गळून दोन्ही वस्तू एकच मानल्या, की मेटाफर, अर्थात रूपक. बॉटलनेक म्हणजे बाटलीचा गळा. जिथे काम तुंबते ती जागा. निर्जीवाला सजीवाचे गुण दिले, की पर्सनिफिकेशन, आपली चेतनगुणोक्ती. वीज वाहणाऱ्या तारेला ‘जिवंत’ म्हणणे हे त्याच कुळातले. फुगवून सांगितले, की हायपरबोली, म्हणजे अतिशयोक्ती.

आपणही करवतीचे दात आणि घड्याळाचे काटे म्हणतोच. इंग्रजीत पावसाबरोबर कुत्री-मांजरे कोसळतात; आपल्याकडे मुसळासारख्या धारा कोसळतात.

या विचाराची परंपराही आपल्याला जवळची आहे. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘काव्यानुशासन’ या ग्रंथात अलंकारांचे विवेचन केले. दहावीच्या इंग्रजीत कवितेतील अलंकार ओळखायला सांगतात, तेव्हा विद्यार्थ्याला या जुन्याच विद्येची इंग्रजी नावे तेवढी नव्याने शिकायची असतात.

भाची आता अडलेले वाक्य वहीत उतरवते आणि त्यापुढे मराठी अलंकाराचे नाव लिहिते. तरीही शंका उरली, तर वरिष्ठांना निःसंकोच विचारते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत अशी कितीतरी मुले रोज कामाला जातात. त्यांच्या पालकांना एवढेच सांगणे : मुलांना इंग्रजी शिकवताना मराठी व्याकरणाचे पुस्तक माळ्यावर टाकू नये.