निवडणं

आमच्या रायगडात, निदान पेण-रोह्याच्या पट्ट्यात तरी, डोळे पिवळे झाले की त्याचं एकच नाव: कावीळ. पुढे कुणी काही विचारत नाही. एक जण म्हणतो पाणी बाधलं, दुसरा म्हणतो बाहेरचा उसाचा रस बाधला. संध्याकाळपर्यंत शेजारपाजारचे तीन पत्ते देऊन जातात. एकाकडे माळ मिळते, एकाकडे नाकात औषध घालतात, तिसरा चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली! आणि गंमत म्हणजे बहुतेकांची खरंच उतरते. कारण बहुतेकांना झालेली असते ती विषाणूची कावीळ, जी बहुधा काही आठवड्यांत आपली आपणच बरी होते. श्रेय मात्र चुन्याला.

खरं तर कावीळ हा आजारच नाही, ते लक्षण आहे. यकृतात तयार होणारं पित्त बारीक बारीक नळ्यांतून एका मोठ्या नळीत येतं आणि तिथून आतड्यात उतरतं. ही पित्तनलिका कुठे बुजली की पित्तातला पिवळा रंग रक्तात साचतो आणि डोळे तसेच पिवळे होतात, अगदी विषाणूच्या काविळीसारखे. नळी बुजवणारा कधी खडा असतो, कधी गाठ. आरशात पाहून यातलं काहीच कळत नाही.

माझी आत्या पेणची. २००९ च्या उन्हाळ्यात तिचे डोळे पिवळे झाले. ताप नाही, पोटात दुखणं नाही. अंगाला खाज मात्र अशी की रात्र रात्र झोप नाही. लघवी काळ्या चहासारखी, शौचाचा रंग पांढुरका. घरात सगळे म्हणाले कावीळ आहे, उतरेल. पथ्य सुरू झालं, एक माळ झाली, दोनदा चुन्याचं पाणी झालं. सहा आठवडे गेले. मग कुणीतरी सोनोग्राफी करायला सांगितली आणि कळलं की यकृतातल्या नळ्या फुगल्या आहेत, म्हणजे खाली कुठेतरी वाट बंद आहे.

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात तिला नेलं. तिथे बरगडीखालून यकृतात नळी घालून पित्त बाहेर काढलं. पलंगाला एक पिशवी लटकलेली, त्यात हिरवट-तपकिरी पित्त ठिबकतंय. रोज सकाळी आम्ही ते मोजायचं, वहीत लिहायचं आणि ओतून टाकायचं. डॉक्टर भले होते. पण वाट कशाने बंद आहे हे त्यांनाही ठाम सांगता येईना. नळीच्या आत ब्रश फिरवून पेशी काढल्या, त्यात काही सापडलं नाही. रक्तातलं सीए १९-९ वाढलेलं होतं. पण ते नुसत्या अडथळ्यानेही वाढतं, खडा असला तरी वाढतं. शिवाय काही लोकांच्या शरीरात ते जन्मतःच तयार होत नाही, त्यांच्यात कॅन्सर असूनही आकडा शांत. म्हणजे आकडा आहे, पण निवाडा नाही. गाठ कॅन्सरचीच आहे हे पक्कं झालं तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. आत्या त्या पावसाळ्यातच गेली.

आता थोडं वेगळ्या वाटेने जाते, पण येते परत इथेच.

मी रक्तपेढीत काम केलेलं आहे. तिथे फ्रीजमध्ये एक छोटी बाटली असते, 'अँटी-ए-१ लेक्टिन' नावाची. ए गटातही पोटगट असतात, ए-१ आणि ए-२. बाटलीतला थेंब रक्ताच्या थेंबात मिसळला की ए-१ च्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात, ए-२ च्या होत नाहीत. त्या बाटलीत काय असतं माहीत आहे? कुळीथ! म्हणजे कुळथाच्या दाण्यातून काढलेलं एक प्रथिन. भारतात काम करणाऱ्या जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ साली 'करंट सायन्स'मध्ये हे पहिल्यांदा लिहिलं. ज्याचं आपण पिठलं करतो, त्यावर जगभरच्या रक्तपेढ्यांत हे काम चालतं. आत्याला मी हे एकदा सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे कुळथाला पण माणसं कळतात की गं!"

माणसं नाही, साखर कळते. आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या लहान-मोठ्या साखळ्यांचं एक आवरण असतं. लेक्टिन नावाची प्रथिनं या साखळ्यांतली आपल्या पसंतीची साखर बरोबर हेरतात आणि तिलाच चिकटतात. १८८८ साली हर्मान श्टिलमार्क याने आत्ताच्या एस्टोनियातल्या तार्तू इथे एरंडाच्या बियांत असं प्रथिन पाहिलं, त्यानेही रक्ताच्या गुठळ्या होत. 'लेक्टिन' हे नाव १९५४ साली विल्यम बॉइड यांनी दिलं, एका लॅटिन क्रियापदावरून. त्याचा अर्थ निवडणं. वाल निवडतो ना आपण सुपात, तेच निवडणं.

आणि वालातही लेक्टिन असतंच. भातकापणीनंतर आपल्याकडच्या शेतांत जमिनीच्या ओलीवर वाल येतो, थंडीत भांबुर्डीच्या पाल्यात त्याची पोपटी लागते, मोड आणून, सोलून बिरडं होतं. भिजवणं, मोड आणणं आणि मुख्य म्हणजे नीट शिजवणं, यात लेक्टिनचं बरंचसं बळ जातं. कच्च्या कडधान्याने पोट बिघडतं त्यामागे हेही एक कारण. स्वयंपाकघरात आपण जो गुण मोडून टाकतो, तोच प्रयोगशाळेला हवा असतो.

कारण पेशी कॅन्सरची झाली की तिचं साखरेचं आवरण बदलतं. साखळ्या अर्धवट राहतात, एरवी झाकलेल्या साखरा उघड्या पडतात. हा बदल हेरायचा तर निवडून चिकटणारं काहीतरी हवं. जपानमध्ये त्सुकुबा इथल्या एआयएसटी या संस्थेतल्या अत्सुशी मात्सुदा, हिसाशी नारिमात्सु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हे पित्तनलिकेच्या कॅन्सरसाठी केलं. ४० हून अधिक लेक्टिनांचे ठिपके एका काचेवर लावले आणि गाठीतला ऊतीचा तुकडा व निरोगी नळीचा तुकडा कुणाला चिकटतो ते पाहिलं. सर्वांत चांगलं निवडलं ते विस्टेरियाच्या बीमधल्या लेक्टिनने. ही जांभळ्या फुलांचे घोस लोंबणारी वेल, तिकडे तिला फुजी म्हणतात. वाल-कुळथाच्याच शेंगाकुळातली. कुळथाला जी साखर आवडते, जवळपास तीच हिलाही आवडते. मग त्यांनी रुग्णांच्या पित्तातलं म्यूसिन-१ नावाचं प्रथिन एका प्रतिपिंडाने पकडलं आणि त्यावर ही साखर आहे का ते या लेक्टिनने तपासलं. कॅन्सर असलेल्यांच्या पित्तात ते जास्त सापडलं. हा लेख 'हेपॅटॉलॉजी'मध्ये आला २०१० साली.

पित्तात. ते वाचताना ती पिशवी डोळ्यांपुढे आली. रोज सकाळी मिलिलिटर मोजून ओतून दिलेलं पित्त.

या तपासणीने आत्या वाचली असती असं मी म्हणणार नाही. सहा आठवडे आधीच गेले होते आणि पित्तनलिकेचा कॅन्सर मोठा लबाड. पित्तातली ही तपासणी आपल्याकडे आजही रोजच्या वापरात आलेली नाही. पण ही कल्पना हवेतली नाही. यकृताच्या कॅन्सरसाठी एएफपी-एल३ नावाची रक्ततपासणी आहे, अमेरिकेत तिला २००५ साली मान्यता मिळाली. ती चालते मसुराच्या लेक्टिनवर. विस्टेरियाच्याच लेक्टिनवर यकृत किती निबर झालंय हे सांगणारी तपासणी जपानमध्ये वापरतात. फणसाच्या आठळीतल्या जॅकलिनची रचना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत उलगडली १९९६ मध्ये, आणि रानफणसाच्या लेक्टिनवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम झालंय. सामान आपल्या परसातलंच आहे.

(कृपा करून यावरून कुणी कच्चे वाल खाऊ नका! कुळीथ खाऊन कॅन्सर कळतही नाही आणि बराही होत नाही. निवडायचं काम काचेवर चालतं, पोटात नाही.)

मला यातून एवढंच दिसतं की उपचाराच्या आधी वेगळं करणं असतं. खड्याचा अडथळा वेगळा, गाठीचा वेगळा, विषाणू वेगळा. विस्टेरियाचं लेक्टिन करतं ते शेवटच्या टप्प्यावरचं, फार बारीक निवडणं. पहिलं निवडणं मात्र घरात होतं आणि त्याला कुठलंच लेक्टिन लागत नाही. डोळे पिवळे, त्यात खूप खाज, लघवी गडद, शौच पांढुरकी, वजन उतरतंय आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल तर ती 'साधी' कावीळ धरून बसू नये. दुखत नाही म्हणून तर मुळीच नाही. ज्याला माळ घालायची त्याने खुशाल घालावी, पण त्याच आठवड्यात रक्त तपासावं आणि सोनोग्राफी करावी.

सोनोग्राफी पेणलाही होते, रोह्यालाही होते. एका सकाळचं काम आहे.