सीनाकाठची वॅगन आर

४ ऑक्टोबर २०२५, परंडा
सीना नदीच्या पुराचं पाणी उतरलं आणि गॅरेजच्या दारात गाड्यांची रांग लागली. आज ट्रॅक्टरमागं दोर बांधून एक वॅगन आर आली. २०१२ची, तीन सिलिंडरची. मालकाचं सोयाबीन वाहून गेलं, गोठ्यातल्या दोन म्हशीही गेल्या. "मिस्त्री, इंजिन गेलं का हाय, तेवढं सांगा," म्हणाला.

बघितल्या बघितल्या सांगता येत नाही. आधी पाणी कुठवर चढलं होतं ते पाहिलं. दाराच्या आतल्या पत्र्यावर गाळाची रेघ होती, सीटच्या वर चार बोटं. बॅटरीची वायर काढली आणि चाबी माझ्या खिशात टाकली. येणारा-जाणारा प्रत्येक जण "एकदा मारून तर बघू" म्हणतो, तिथंच घात होतो. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की तो अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसतं पाणी शिरून इंजिन वाया जात नाही, ते तसंच फिरवलं की जातं.

५ ऑक्टोबर
एअर फिल्टरचा डबा उघडला. आतला कागद गाळानं लडबडलेला. म्हणजे पाणी इंजिनच्या तोंडाशी पोचलं होतं, एवढं नक्की. डिपस्टिक ओढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर, आणि रंग दूध घातलेल्या चहासारखा. चेंबरचा नट जरासा सैल केला. आधी निव्वळ पाणी आलं, मग ऑइल. पाणी जड, ते तळाला बसतं.

तिन्ही प्लग काढले आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून हातानं सावकाश फिरवलं. तिसऱ्या भोकातून गढूळ पाण्याची पिचकारी उडाली. इंजिन मात्र पूर्ण फेरा फिरलं, कुठं अडकलं नाही. मालकाचा चेहरा उजळला. म्हटलं, एवढ्यात पेढे आणू नका. जाम नाही याचा अर्थ धड आहे असा होत नाही.

"कुणी चाबी मारली होती का?"
"नाय मिस्त्री, आईची आण."

६ ऑक्टोबर
आज कोजागिरी. हाताखालचा पोरगा तुळजापूरला चालत गेलाय, त्यामुळं सगळं एकट्यानं. काँप्रेशन मोजायचं तर स्टार्टर हवा, आणि स्टार्टरमध्ये गाळ. म्हणून जुनी रीत. सायकलचा सरळ स्पोक प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवायचा, इंजिन हातानं फिरवून पिस्टन अगदी वर आणायचा आणि भोकाच्या काठाशी स्पोकवर खूण करायची. पहिल्या दोन सिलिंडरची खूण एकाच जागी आली. तिसऱ्यात स्पोक जवळजवळ तीन मिलिमीटर जास्त खाली गेला. पिस्टन पुरता वर येत नाही, म्हणजे रॉड वाकलाय.

मालकाला विचारलं, मग हे झालं कसं? तो गप्प. सोबतचा त्याचा पोरगा म्हणाला, "चुलत्यानं ट्रॅक्टरनं ओढताना गिअरात टाकली होती. चालू हुईल म्हणून. खट्‌कन आवाज आला." आण खोटी नव्हती. चाबी कुणी मारलीच नव्हती.

८ ऑक्टोबर
काल सरकारनं पूरग्रस्त शेतकऱ्यांसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. दुधाळ जनावराला ३७,५०० रुपये, खरडून गेलेल्या जमिनीला वेगळी मदत. त्यात मोटारीला रकाना नाही. विमा काढलाय म्हणून मालकानं कागद आणला. निघाला थर्ड पार्टी. त्यात दुसऱ्याचं नुकसान भरून मिळतं, आपलं नाही. पूर्ण विमा असता तरी पाणी असताना इंजिन फिरवून झालेल्या मोडतोडीला बहुधा वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं लागतं.

आज गिअरबॉक्सचं ऑइल काढलं, तेही पांढुरकं. मागच्या ब्रेकचे ड्रम ठोकून सोडवले. डॅशबोर्डखालचे वायरिंगचे जोड उघडले तर पितळी पिनांवर हिरवा कळंक चढलेला. हे जोड आज पुसले की चालतील, चार महिन्यांनी कधी काच खाली होणार नाही, तर कधी गाडी रस्त्यातच बंद पडेल. ते आत्ता कोणीच तपासून सांगू शकत नाही.

१० ऑक्टोबर
बंद गाडीचा हिशेब करताना माझा एकच नेम. जे तपासलं ते जसं आहे तसं धरायचं, जे तपासता आलं नाही ते खराब धरायचं. जुनं इंजिन, वायरिंग, बेअरिंगं, मजुरी मिळून खर्च गाडीच्या चालू भावाच्या निम्म्यावर जातो. मालक म्हणाला, "वरवर दुरुस्त करून इकली तर?" म्हटलं, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळ दिसतो. जाणता गिऱ्हाईक तिथंच हात घालतो.

दोन रकान्यांचा कागद करून दिला. डावीकडं तपासलेलं, उजवीकडं न तपासलेलं. डावीकडं तिसऱ्या सिलिंडरचा रॉड स्पष्ट लिहिला.

१३ ऑक्टोबर
बार्शीचा एक जुने पार्ट विकणारा आला. कागद वाचला, स्पोक मागून घेतला आणि स्वतः मोजून पाहिलं. इंजिनवरून घासाघीस केली नाही. उजव्या रकान्यापायी तीन हजार कापले आणि गाडी उचलली. पैसे मोजता मोजता मालक म्हणाला, एका म्हशीचं भागंल. पॅकेजचे आले की दुसरी बघू.