न दुखणारी जखम

दुखापत केवढी, हे आक्रोशावरून ओळखावे असा आम्हा संसारी माणसांचा समज असतो. आमचाही तो होता. सावनेरच्या आमच्या घरी एका पोळ्याच्या दिवशी तो कायमचा गेला.

करंज्या तळता तळता कढई कलंडली. थोडे तेल पुतण्याच्या पावलावर उडाले, आणि चुलीत सांडलेल्या तेलाचा भडका होऊन आत्याबाईंचा पदर पेटला. तो त्यांनी स्वतःच गोणपाटाने विझविला. मुलाने आकाशपाताळ एक केले, तेव्हा सारे घर त्याच्याभोवती जमले. कोणी हळद आणली, कोणी तूप. आत्याबाई हात झाकून कोपऱ्यात बसल्या होत्या. विचारले तर म्हणाल्या, "मले काही नाही झालं, बापू. पोराले पाहा." आम्ही त्यांचा शब्द प्रमाण मानला. तो आम्हांस सोयीचाही होता.

दिवेलागणीस त्यांची बोटे गार व निळसर पडलेली दिसली. डॉक्टरांनी प्रथम सुजेत रुतलेल्या पाटल्या कापविल्या. मुलाकडे मागाहून पाहिले. त्याच्या पावलावर फोड आले होते, ते दोन आठवड्यांत बरे झाले. आत्याबाईंचा हात मात्र पांढुरका व चामड्यासारखा ताठ झाला होता, आणि सुई टोचलेली त्यांस कळत नव्हती. वरवरचे भाजणे झोंबते, कारण त्वचेतील मज्जातंतू शाबूत असतात. खोल भाजण्यात ते तंतूच जळून जातात. दुखत नव्हते, हेच दुश्चिन्ह होते. पुढे नागपुरास नेऊन मांडीची त्वचा हातावर बसवावी लागली. दोन बोटे अद्याप नीट मिटत नाहीत.

१९७६ साली अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदांचे विमान कोसळले. पत्नी गेली, मुले जखमी झाली, आणि लहान गावातील उपचारांची विस्कळीत स्थिती त्यांस प्रत्यक्ष पाहावी लागली. त्या अनुभवातून १९७८ साली जखमींच्या तपासणीचा जो अभ्यासक्रम सुरू झाला, तो पुढे जगभर पसरला. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध, आणि अखेरीस वस्त्र दूर करून सर्व अंग पाहणे, असा त्याचा मूळ क्रम होता. कोण किती ओरडतो, यास त्यात स्थान नाही. ती अखेरची पायरी तरी आम्हांस साधली असती. पदर उचलून पाहण्यास डॉक्टर व्हावे लागत नाही.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. भाजल्याबरोबर त्या भागावर वीस मिनिटे गार वाहते पाणी सोडावे. बर्फ, तूप, हळद लावू नये. सूज येण्यापूर्वी बांगड्या-अंगठ्या काढाव्या, स्वच्छ कापडाने झाकावे, आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.

आत्याबाई आजही कशालाही "मले काही नाही झालं" असेच म्हणतात. आम्ही आता ते उत्तर धरीत नाही. हात पुढे करावयास सांगतो.