खोटी आंबुशी

वाईजवळच्या आमच्या गावी, घरामागच्या परड्यात दोन वनस्पती एकमेकींत गुंतून वाढायच्या. दोघींचं पान तीन दलांचं, दोघी भुईला चिकटून सरपटणाऱ्या. एक तोंडात टाकली की दात आंबायचे, ती आंबुशी. दुसरी चावली तर नुसता पाला. आम्ही मुलींनी तिचं नाव ठेवलं खोटी आंबुशी. तिची फुलं मुगाच्या दाण्याएवढी, गुलाबी-जांभळी; ओणवं झाल्याशिवाय दिसायचीच नाहीत.

दिसायच्या त्या तिच्या शेंगा. दिवाळीच्या सुमारास परकराच्या काठाला चपट्या शेंगांचे तुकडे चिकटायचे. शेंग पेरापेराने तुटते आणि प्रत्येक पेराला बारीक आकडे असतात. "अगं, परड्यात लोळून आलीस का?" म्हणत आजी मला पायरीवर बसवायची आणि एकेक तुकडा नखाने काढायची. गुडघा खरचटला तर त्याच पाल्याचा चोथा बांधायची. तिने तिला कधी नावाने हाक मारल्याचं आठवत नाही.

नाव कळलं कॉलेजात. मुळांवरच्या गाठी दाखवायला बाईंनी मैदानाच्या कडेची रोपं खणून आणायला सांगितली होती. मी आणलेलं रोप पाहून त्या म्हणाल्या, ही रानमेथी, डेस्मोडियम ट्रायफ्लोरम. गाठ ब्लेडने चिरली तर आतून गुलाबी निघाली. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही झाडाला तो थेट घेता येत नाही. गाठीतले रायझोबियम जिवाणू तो पकडून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर पुरवतं. हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी शेंगावर्गीय झाडांचं हे गुपित १८८६ साली मांडलं. मला मात्र त्या टेबलाशी आजोबा आठवले. हरभऱ्याच्या बेवडावर ते पुढल्या वर्षी शाळू टाकायचे. बेवड हा शब्द मी जन्मापासून ऐकत होते. त्याचा रंग गुलाबी असतो हे त्या दिवशी कळलं.

पुढे पुण्यात घर झालं, पुढ्यात थोडी जागा मिळाली आणि इतरांसारखं मीही लॉन लावलं. गालिच्यासारखं गुंडाळून आलेलं गवत अंथरलं, रोज पाणी, ठरावीक दिवसांनी युरिया. तरी दर मे महिन्यात पिवळे चट्टे पडायचेच. मधूनच तीन दलांचं काहीतरी डोकं वर काढायचं, आणि मी ते खुरप्याने उपटून फेकायचे. मीच! नर्सरीत लॉनऐवजी पिवळ्या फुलांचा शोभेचा भुईमूग सुचवला. तोही गाठीवालाच, पण मूळचा ब्राझीलचा. तो घ्यावासा वाटला नाही.

मग एका उन्हाळ्यात आमच्या भागात टँकर सुरू झाले. पिण्याच्या पाण्याची मारामार असताना गवताला पाणी घालणं मनाला पटेना. पाणी थांबवलं, युरियाही थांबवला. श्रावणात माळीकाका म्हणाले, "ताई, तण लई माजलंय. उपटू का?" मी खाली वाकले, एक पान चावलं. आंबट नव्हतं.

इतकी वर्षं मीच तिला दाबून ठेवत होते. युरिया मिळाला की गवत उंच होऊन तिच्या डोक्यावर सावली धरतं, आणि मातीत आयता नायट्रोजन असला की तीही गाठी कमी धरते. जमीन उपाशी ठेवली तेव्हा गवत विरळ झालं आणि तिला वाव मिळाला. भाद्रपदात माणसं कासला पिवळा कवला बघायला जातात. तोही याच कुळातला. त्या दिवसांत मी आमच्या पायरीवर बसते.

आता तिला हाताने पसरवते. आषाढात, पेरांना मुळ्या फुटलेले तुकडे वीतवीत अंतरावर दाबायचे आणि पावसावर सोडायचे. बी टणक असतं. दोन सँडपेपरांमध्ये हलकं घासलं की लवकर रुजतं. पाणी साचणारी जागा तेवढी टाळावी. ती पायांखाली तुडवणं सोसते. लेसर ग्रास ब्लू नावाची नखाएवढी निळसर फुलपाखरं तिच्यावर अंडी घालतात, म्हणून ऐन पावसाळ्यात मी कापणी करू देत नाही. एप्रिलमध्ये मात्र ती तपकिरी पडते. येणारे-जाणारे बाग सुकली म्हणून हळहळतात. वळीव पडून आठवडा झाला की या, एवढंच मी सांगते.

फाटकाजवळ एक कोपरा आहे, बांधकामाच्या राडारोड्याने कडक झालेला. नातीच्या मोज्यांवरून काढलेल्या शेंगा मी गेल्या वर्षी तिथे टाकल्या होत्या. यंदा मृगाचा पाऊस झाल्यावर चार-पाच कोवळी पानं दिसली, तीन-तीन दलांची. नातीने मला विचारायच्या आत एक खुडून तोंडात टाकलं आणि डोळे मिटले.

"आजी, आंबट!"

तिलाही राहू दिली.