दिवा कोणासाठी?

कृष्णाकाठच्या आमच्या खेड्यापासून हायस्कूल सहा किलोमीटरांवर होते. 1973 साली उसाचे पैसे हाती आले, तेव्हा वडिलांनी मला सायकल घेऊन दिली आणि त्या अंतराचे भय संपले. सायकल काळी, उंच आणि अशी भारी होती, की ती आडवी पडली तर उचलताना माझी पुरेवाट होत असे. तिच्या हँडलखाली वाटीएवढा दिवा होता आणि पुढच्या चाकाशेजारी बाटलीच्या आकाराचा डायनामो होता.

या डायनामोचे मला विलक्षण कौतुक वाटे. त्याची कळ दाबली, की त्याच्या डोक्यावरचे लहानसे चाक टायरला टेके आणि घूं घूं असा आवाज करीत फिरू लागे. आत एक लोहचुंबक फिरतो आणि त्यामुळे भोवतालच्या तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, हे आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी सांगितले होते. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने 1831 साली लावलेला शोध आपल्या चाकाला चिकटून फिरतो आहे, या विचाराने मी काही दिवस फुशारून गेलो होतो.

परंतु हे कौतुक फार दिवस टिकले नाही. डायनामो टायरला टेकला, की सायकल जड होई. दिव्याला लागणारी वीज शेवटी माझ्याच पायांतून जात होती ना! दिवसभर शाळा करून थकलेल्या मुलाला ते ओझे नकोसे वाटे. शिवाय सायकल थांबली, की दिवाही विझे. मग आम्ही मुलांनी आपापसांत एक तत्त्वज्ञान बनविले : रस्ता आपल्या पायाखालचा आहे, प्रत्येक खड्डा ठाऊक आहे, मग दिवा हवा कशाला? अंधारात दिवा लावून येणाऱ्या मुलाला आम्ही भित्रा म्हणत असू.

1974 सालच्या जानेवारी महिन्यात शाळेच्या स्नेहसंमेलनाची तालीम लांबली आणि मला निघायला सात वाजून गेले. चंद्र उगवायचा होता. दोन्ही बाजूंना उभा ऊस, मध्ये कच्चा रस्ता आणि अंगाला झोंबणारे वारे. भूक लागली होती, म्हणून मी वेगाने पायडल मारीत होतो. डायनामो अर्थातच बाजूला केलेला होता. गावाजवळच्या वळणावर समोर काहीतरी काळे आले एवढेच मला जाणवले आणि दुसऱ्याच क्षणी मी, सायकल आणि उसाच्या वाड्याचा एक मोठा भारा, असे सगळे एकमेकांवर कोसळलो.

भाऱ्याखाली आमच्या शेजारचे आबा होते. म्हशीसाठी डोक्यावर वैरण घेऊन ते घरी चालले होते. माझे गुडघे फुटले होते. पण आबांचा उजवा हात मनगटात मोडला होता. दुसऱ्या दिवशी त्यांना मिरजेला नेऊन हाताला प्लास्टर घालून आणले.

त्या रात्री वडिलांनी मला मारण्यासाठी हात उगारला, तेव्हा ओट्यावर बसलेल्या आबांनीच त्यांना अडविले. ते म्हणाले, “पोराला मारू नगा. त्याची चूक त्याला उमगली न्हाई अजून.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “लेकरा, तुला रस्ता दिसत व्हता. पन मला तू दिसत न्हवतास, त्याचं काय?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या क्षणापर्यंत दिवा हा चालविणाऱ्याला रस्ता दिसावा म्हणून असतो, अशीच माझी समजूत होती. समोरून पायी येणाऱ्या माणसालाही आपल्या दिव्याची गरज असते, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

पुढचे सहा आठवडे मी रोज पहाटे उठून आबांच्या म्हशीला वैरण घालीत होतो. वडिलांनीच ते काम मला लावून दिले होते. कामाचे मला काही वाटत नसे. मात्र ओसरीवर बसून आबा डाव्या हाताने भाकरी मोडू लागले, की माझी मान खाली जाई. भाकरी नीट मोडत नसे, कालवण सांडे. आणि ते सांडलेले मला दिसू नये म्हणून आबा माझ्याशी भलत्याच गोष्टी बोलत राहत.

तेव्हापासून माझ्या सायकलीचा दिवा रात्री कधी बंद राहिला नाही. पुढे मी शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो. मुलांना गणिताने पटते, म्हणून मी फळ्यावर एक हिशेब मांडीत असे. ताशी 60 किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे येते. चालकाला सायकल दिसली, तरी त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंद सव्वा सेकंद जातो; आणि ब्रेक लागल्यावरही गाडी जागच्या जागी थांबत नाही. म्हणून आपण त्याला शंभर पावलांवरून दिसलो पाहिजे. मागच्या मडगार्डावरचा लाल परावर्तक यासाठीच असतो. त्याच्या आतील बारीक पैलू प्रकाशाला आल्या वाटेने परत धाडतात, त्यामुळे मोटारचालकाला तो चमकताना दिसतो. पण त्याला स्वतःचा उजेड नसतो. समोरून दिव्याचा झोत आला नाही, तर तो दगडासारखा मुका राहतो. म्हणून मागेही लाल दिवा असलेला बरा. आता तर बॅटरीवर चालणारे, थांबल्यावरही न विझणारे दिवे मिळतात. आमच्या वेळची पाय दुखण्याची सबब उरलेली नाही.

हेल्मेटची गोष्ट थोडी निराळी आहे. (मला ‘शिरस्त्राण’ हा शब्द अधिक आवडतो, पण तो उच्चारला, की दुकानदार माझ्याकडे नाटकातल्या पात्राकडे पाहावे तसा पाहतो.) दिवा न लावणारा दुसऱ्यालाही संकटात टाकतो, हेल्मेट न घालणारा मुख्यतः स्वतःला. म्हणूनच त्याविषयी शहाण्या माणसांतही मतभेद आहेत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 1990 साली सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. उलट, नेदरलँड्समध्ये घरोघरी सायकली असूनही नित्याच्या प्रवासात हेल्मेट घालणारे थोडे. कारण तेथे सायकलींना मोटारींपासून वेगळे मार्ग बांधून दिलेले आहेत. पण त्या देशातही रात्री दिवा नसेल तर दंड होतो. आपल्याकडे असे मार्ग अजून फारच कमी, म्हणून मी हेल्मेटच्या बाजूचा आहे.

हे मत मला माझ्या नातीमुळे सुचले, हे कबूल केले पाहिजे. ती पुण्यास असते, बारा वर्षांची आहे आणि सायकलीने शाळेत जाते. गेल्या वर्षी तिच्याकडे गेलो असता पाहिले, की तिचे हेल्मेट डोक्यावर नसून हँडलला लटकते आहे. मैत्रिणी ‘कलिंगड’ म्हणून हसतात, असे तिचे कारण होते. मी लगेच मुख्याध्यापक झालो. चेंडू झेलताना आपण हात मागे नेतो, त्यामुळे तळहाताला कमी लागते. तसेच हेल्मेटमधील थर्माकोलसारखा थर स्वतः दबतो आणि डोक्याला बसणारा धक्का सौम्य करतो. म्हणून एकदा जोराने आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. ते कपाळावर भुवयांच्या दोन बोटे वर असावे आणि हनुवटीखालचा पट्टा नीट आवळलेला असावा, असे पुष्कळ सांगितले.

तिने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आजोबा, तुमचं हेल्मेट कुठे आहे?”

मी रोज सकाळी तिचीच जुनी सायकल घेऊन दूध आणायला बोडक्या डोक्याने जात होतो. “जवळच तर जायचे असते,” असे काहीसे मी पुटपुटलो. ते शब्द तोंडून बाहेर पडले मात्र, आणि ‘रस्ता पायाखालचा आहे’ म्हणणारा तो तेरा वर्षांचा मुलगा मला समोर उभा दिसला. त्याच संध्याकाळी आम्ही दोघे दुकानात गेलो. दुकानदाराने टेपने माझ्या डोक्याचा घेर मोजला, तेव्हा नातीला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतून दोन कलिंगडे एकामागून एक बाहेर पडली.

यंदा उसाच्या हंगामात मी गावी गेलो होतो. रस्ता आता डांबरी आहे. एका संध्याकाळी तालुक्याहून सायकलने परतताना अंधार पडला. पुढे उसाची बैलगाडी चालली होती. माझ्या दिव्याचा उजेड पडताच तिच्या मागची लाल पट्टी लखकन चमकली. तिला मागे टाकून मी त्या जुन्या वळणाशी आलो. आबा जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. वळणावर डोक्यावर वाड्याचा भारा घेतलेला एक मनुष्य अगोदरच रस्त्याच्या कडेला होऊन उभा होता. मी जवळ जाताच तो आबांचा नातू असल्याचे ओळखले.

“या गुरुजी,” तो म्हणाला, “लांबनंच दिसला तुमी.”