एप्रिलमधला शो

"पावसात कुणी पण झाड लावतंय गं. पहिल्या दिवसाचा पहिला शो हाय त्यो, हाऊसफुल्ल जाणारच. पिक्चर चालला का न्हाई ते एप्रिलमधी कळतंय."

माझे पप्पा झाडांविषयी बोलायला लागले की असे टॉकीजच्या भाषेत बोलतात. त्याला कारण आहे. कोल्हापुरातल्या एका सिंगल स्क्रीन टॉकीजमध्ये त्यांनी जवळपास तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली. ऑपरेटर म्हणजे प्रोजेक्टर चालवणारा माणूस. लहानपणी शाळेत 'वडील काय करतात' असं विचारलं की मी ऐटीत सांगायचे, "पिक्चर लावतात." आता कुणी विचारलं तर सांगते, "झाडं लावतात." क्रियापद तेच राहिलंय.

आईला बाजाराला जायचं असलं की ती मला टॉकीजवर सोडायची. प्रोजेक्टरच्या खोलीत एका लोखंडी स्टुलावर बसून मी भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून सिनेमे बघितलेत. 'श्वास' तसाच बघितला, २००४ मध्ये. मी तेव्हा आठ वर्षांची. मशीनच्या घरघरीत निम्मे संवाद ऐकूच यायचे नाहीत. त्या आजोबांचा चेहरा मात्र अजून आठवतो.

एक रीळ वीसेक मिनिटं चालायचं. ते संपत आलं की पडद्यावर उजव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला, क्षणभर एक ठिपका दिसायचा. तो दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका दिसला की या मशीनवरून त्या मशीनवर जायचं. खाली बसलेल्या लोकांना पत्ता लागता कामा नये. पप्पांचं म्हणणं, चांगला ऑपरेटर म्हणजे ज्याची पब्लिकला आठवणच होत नाही. लोक वर वळून ओरडायला लागले, की समजायचं आपलं काहीतरी चुकलं.

त्यांचा सगळ्यात आवडता सिनेमा 'साधी माणसं'. भालजी पेंढारकरांचा, १९६५चा. गावाकडचं लोहार जोडपं, सूर्यकांत आणि जयश्री गडकर, शहरात येतं आणि तिथं त्यांची फरफट होते. पप्पांनी तो तरुणपणी मॅटिनीला बघितला आणि पुढं स्वतःच्या हातानं लावलाही. त्याचं संगीत 'आनंदघन' या नावानं लता मंगेशकरांनी दिलंय आणि गाणी लिहिणारे जगदीश खेबुडकर आपल्या कोल्हापुरात मास्तर होते, हे पप्पा आल्यागेल्याला सांगतात. मला त्या सिनेमाचा लहानपणी कंटाळा यायचा. शहरात गेलेल्यांचं वाईटच होतं असं सांगणारे सिनेमे पप्पांना का आवडतात, हे कळायला बराच काळ गेला.

२०११च्या आसपास रिळं यायची बंद झाली. सिनेमा सॅटेलाइटवरून यायला लागला. टॉकीजमध्ये एक कॉम्प्युटर बसवला, त्यावर एक कळ दाबली की सिनेमा सुरू. त्या कळीला तीस वर्षांचा ऑपरेटर लागत नव्हता. वर्षभरात टॉकीजच बंद पडली. पप्पा घरी येताना रिळांचे पंधरा-वीस रिकामे पत्र्याचे डबे घेऊन आले. आईनं कपाळाला हात लावला. महिन्याभरानं त्या डब्यांना खिळ्यानं भोकं पाडलेली दिसली, आत माती आणि शेणखत. डबा उथळ असतो, पण बी उगवायला तेवढं पुरतं. रोप चार पानांचं झालं की पिशवीत, वर्षाचं झालं की जमिनीत.

जांभळाचं बी हे त्यांचं पहिलं यश. जांभळाची बी वाळवून ठेवता येत नाही. जांभूळ खाल्लं की आठ-दहा दिवसांत पेरायला लागतं, नाहीतर ती मरते. पप्पा जूनमध्ये जांभळं खाऊन बिया खिशात घालून आणायचे. मग करंज, उंबर, अर्जुन, बकुळ, सोनचाफा, शेवगा. आधी परसात, मग घरामागच्या ओढ्याच्या कडेला, मग गल्लीच्या तोंडाशी.

लावणं त्यांच्या हिशेबी दुय्यम. मुख्य काम नंतरचं. दोन फूट खोल खड्डा उन्हाळ्यातच काढून ठेवायचा, म्हणजे माती तापते. रोपाला काठी बांधायची, पण सैल, वाऱ्यात थोडं हललं पाहिजे, तरच खोड जाड होतं. बुडाशी उसाच्या पाचटाचा जाड थर द्यायचा, पण खोडापासून वीतभर सोडून. कोल्हापुरात पाचटाला तोटा नाही. लोक शेतात पेटवून देतात, पप्पा सायकलवर भारा बांधून आणतात. पाचटामुळं ओल टिकते, पाणी निम्मं लागतं. आणि मग तीन उन्हाळे पाणी घालायचं. तीन. पहिल्या उन्हाळ्यात झाड मरायला बघतं, दुसऱ्यात विचार करतं, तिसऱ्यात त्याची मुळं खाली पोचतात. त्यानंतर त्याला आपली गरज नाही. पप्पा याला सिल्व्हर ज्युबिली म्हणतात.

* * *

२०१८ला इंजिनिअरिंग संपलं आणि मी पुण्याला आले.

हे 'आले' मी पुण्यात शिकले. आमच्याकडं बायका-पोरीही 'मी आलो', 'मी जेवलो' असंच म्हणतात. ऑफिसात पहिल्या आठवड्यात मी मीटिंगमध्ये "सॉरी, जरा उशिरा आलो" म्हणाले आणि दोघंतिघं हसले. वाईट हेतूनं नाही. पण मी त्या दिवसापासून तोंड उघडण्याआधी क्रियापद तपासायला लागले. आता तपासावं लागत नाही. घरी फोनवरसुद्धा 'आले'च येतं आणि आई म्हणते, "झालीस व्हय पुण्याची."

२०१९चा जुलै. राज्यात त्या पावसाळ्यात तेहतीस कोटी झाडं लावायचं सरकारी उद्दिष्ट होतं. जिकडंतिकडं खड्डे, बोर्ड, फोटो. पप्पांना विचारलं, तुम्ही किती लावणार? म्हणाले, "मागची बावीस जगलीत, तेवढी बास."

ऑगस्टमध्ये पंचगंगा आली.

ज्यांचं घर नदीच्या बाजूला आहे त्यांना 'राजाराम बंधारा' हे शब्द पाठ असतात. तिथल्या पाण्याची उंची हा आमचा पावसाळ्यातला स्कोअर. धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. मी हिंजवडीत सतराव्या मजल्यावरच्या ऑफिसात बसून दर तासाला व्हॉट्सॲपवर आकडे बघत होते. घरी जायला रस्ताच नव्हता. आई-पप्पांना बोटीतून काढून नातेवाइकांकडं पोचवलं, हे मला शेजारच्या मुलानं फोनवर सांगितलं.

रस्ता उघडल्यावर गेले. घरात गुडघाभर चिखल, भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ. पप्पा मागच्या बाजूला झाडं मोजत होते. सोनचाफा गेला, शेवगा गेला, पपया गेल्या. मुळांनाही श्वास घ्यायला लागतो. मातीतल्या पोकळ्यांत हवेच्या जागी पाणी बसलं की मुळं गुदमरतात आणि कुजतात. जांभूळ, करंज, उंबर, अर्जुन मात्र तशीच उभी होती. ही मुळातली नदीकाठची झाडं, त्यांना पूर माहीत आहे. बकुळीनं पानं टाकली होती. पप्पा म्हणाले, थांबू. दिवाळीनंतर तिला फूट आली.

दोन वर्षांनी, जुलै २०२१मध्ये, परत पाणी आलं. परत चिखल, परत रेघ. यावेळी माझा धीर सुटला. पुण्यात फ्लॅट घ्यायचं चाललं होतं. मी म्हणाले, हे घर विका आणि दोघं माझ्याकडं चला.

पप्पांनी एकच विचारलं, "मग झाडास्नी पानी कोण घालनार?"

आणि मी बोलले. "झाडं, झाडं! टॉकीज बंद पडत होती तेव्हापण तुम्ही असेच तिथं बसून राहिलात. सगळे दुसरं काहीतरी बघून बाहेर पडले. तुम्हाला कधी हलताच आलं नाही."

ते काही बोलले नाहीत. बादली उचलली आणि मागं गेले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर फोनवर आमचं बोलणं एवढंच होतं: "जेवलीस?" "हो." "बरं."

* * *

त्या वर्षात मी एक इंजिनिअरी उपाय केला. मातीतली ओल मोजणारे स्वस्तातले सेन्सर मागवले, कंट्रोलर जोडला, एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. झाडाला तहान लागली की माझ्या मोबाईलवर मेसेज आणि परसातला पंप आपोआप सुरू. मला वाटलं, पाणी घालण्याचा प्रश्न सुटला की घर सोडण्याचाही सुटेल. दोन महिन्यांत सेन्सर गंजले. ओल्या मातीत वीज सोडली की धातूच्या पट्ट्या झिजतात, हे मला शाळेतल्या रसायनशास्त्रानं शिकवलं होतं, मी विसरले होते. मग दर पंधरा दिवसांनी ते बदलायला कोल्हापूरला जायला लागले. पप्पा लांबून बघायचे. एकदा म्हणाले, "तुझी मशीन लई भारी हाय. हिच्यामुळं तू तरी येतीस."

अशाच एका फेरीत खरी कॉर्नरला रिक्षा थांबली आणि मला समोरचा कॅमेऱ्याचा स्तंभ नीट दिसला. हजारदा त्याच्या बाजूनं गेले असेन. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची ती आठवण. कोल्हापुरात 'सैरंध्री' झाला १९२०मध्ये, 'सावकारी पाश' १९२५मध्ये. सावकारानं जमीन बळकावलेला तरुण शेतकरी त्यात व्ही. शांतारामांनी केला होता. १ जून १९२९ला शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांनी इथंच 'प्रभात' काढली. १९३२चा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट इथलाच. आणि १९३३मध्ये प्रभात पुण्याला गेली.

रिक्षात बसून मला हसू आलं. म्हणजे आम्ही नव्वद वर्षं हेच करतोय. रोप इथं तयार होतं, सावली पुण्यात पडते. त्यात प्रभातची चूक नव्हती, माझीही नाही. मोठं व्हायला जागा लागते. पण ज्याच्या डब्यात आपण उगवलो त्यालाच 'तुम्हाला हलता आलं नाही' म्हणायचं?

आणखी एक गोष्ट मला त्या काळात वाचताना कळली. आपल्याकडं मूकपटांच्या काळात १३००च्या आसपास सिनेमे झाले, आज त्यातले मोजकेच शिल्लक आहेत. तेव्हाची फिल्म पटकन पेट घ्यायची, नाहीतर डब्यातच सडायची. 'सावकारी पाश'चा तो मूकपट आज कुणालाच बघता येत नाही. त्याला कुणी मारलं नाही. नंतरची इतकी वर्षं त्याच्याकडं कुणी बघितलं नाही, एवढंच. हे मी पप्पांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पयला शो झाला की सगळी घरला जात्यात गं."

मी म्हणाले, "पप्पा, त्या दिवशी मी चुकीचं बोललो."

'बोललो' आपसूक आलं. ते हसले.

* * *

घर विकलं नाही. आमची तडजोड अशी: जुलै-ऑगस्ट दोघं माझ्याकडं, बाकीचं वर्ष कोल्हापूर. पावसात झाडांना पाणी घालावं लागत नाही, त्यामुळं पप्पांना बोलायला जागा उरली नाही.

गेल्या वर्षी पुण्याला येताना त्यांनी एक पिशवी आणली, वर्षाचं जांभूळ. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत खड्डा काढला. त्याच आठवड्यात एका मैत्रिणीच्या ओळखीनं आम्हाला फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आत जायला मिळालं. १९६०पासून ती संस्था प्रभातच्याच जागेवर आहे. आत एक आंब्याचं झाड आहे, सगळे त्याला 'विज्डम ट्री' म्हणतात. ऋत्विक घटक शिकवायला होते तेव्हा पोरांना घेऊन त्याच्याखाली बसायचे.

मला वाटलं पप्पा भारावतील. त्यांनी खोडावर हात ठेवला, वर बघितलं.

"हापूस का रायवळ?"

मैत्रिणीला सांगता आलं नाही.

"ही कंपनी आपलीच की गं."

"व्हय. १९३३ला इकडं आली."

"बरं." ते बुडाशी वाकून माती चाचपत होते. "उन्हाळ्यात पानी घालतंय का कोण?"

सप्टेंबरात ते परत गेले. जांभूळ माझ्या ताब्यात आलं. काठी सैल केली, पाचट मिळेना म्हणून सोसायटीचा पालापाचोळा टाकला. मार्चपासून दर तिसऱ्या दिवशी ऑफिसला निघण्याआधी दोन बादल्या. सेन्सर लावला नाही. एकदा रिलीजच्या गडबडीत आठवडाभर विसरले, तर शेंड्याची पानं करपली. रात्री अकरा वाजता मोबाईलच्या टॉर्चमध्ये पाणी घातलं. वॉचमनकाकांनी विचारलं, काय हरवलंय का?

मेच्या पहिल्या आठवड्यात पप्पांना फोटो पाठवला. खोडाला खालून तांबूस कोवळी फूट आली होती.

त्यांचा लगेच फोन आला. जेवलीस का विचारलं नाही.

"एप्रिल गेला की गं," म्हणाले. "आता दोन ऱ्हायले."