रक्सौलपलीकडील रुपया

रक्सौलचा पूल ओलांडून आम्ही नेपाळांतील वीरगंजच्या बाजारांत शिरलों. दुकानदारानें भावाबरोबरच विचारलें, "भारू कीं नेरू?" भारू म्हणजे भारतीय रुपया, नेरू नेपाळी. १०० भारूंस १६० नेरू हा दर १९९३ पासून बांधलेला असल्यानें त्याचा पोरगाही हिशेब तोंडीं करी. पूर्वीं दर असा स्थिर नव्हता. १९६६ सालीं भारतानें रुपयाचें अवमूल्यन केलें, तेव्हां तो १६० वरून सुमारें १०१ वर आला. पुढल्या वर्षीं नेपाळनेंही आपला रुपया उतरविला. भिंत एक असली म्हणजे शेजारचा हादरा घरांत यावयाचाच! २०१६ सालीं भारतानें ५०० व १००० च्या नोटा रद्द केल्या. भारतांत राबून नेपाळी मजुरांनीं घरीं नेलेल्या कित्येक नोटा तशाच पडून राहिल्या. दर तेव्हांही १६० चाच होता.